वही दाखवा, लेखणी देऊ नका

गाडी काट्यावर चढली की भरलेल्या व रिकाम्या गाडीचे वजन संगणकात नोंदले जाते. आपल्या खेपा मोबाईलवर दिसाव्यात, ही मागणी रास्तच आहे. मात्र नोंदी दाखवणाऱ्या प्रोग्रामला त्यात फेरफार करता येता कामा नये. त्याच वजनावर आपले बिल निघते!

समजा, नोंदी 'एसक्यूलाइट'मध्ये आहेत. रिचर्ड हिप या अमेरिकन तज्ज्ञाने २००० साली हे साधन काढले. यात वेगळा सर्व्हर नसतो. सारे दप्तर एका फाईलीत मावते. कोणाला किती अधिकार, हे ठरवणारी सोयही त्यात नाही. फाईल ज्याच्या हाती, दप्तर त्याच्या हाती.

म्हणून दोन कुलुपे लावावीत. एक, प्रोग्रामने फाईल 'फक्त वाचण्यासाठी' उघडावी. मग लिहू गेल्यास नकार मिळतो. दुसरे, तो प्रोग्राम ज्या खात्यावर चालतो, त्याला संगणकानेच त्या फाईलीवर लिहिण्याची मुभा देऊ नये. पहिले कुलूप प्रोग्राम करणाऱ्याच्या हाती, दुसरे कारखान्याच्या. एकावर विसंबू नये.

'ही फाईल बदलतच नाही' असे सांगून उघडण्याचीही एक सवलत आहे. काटा सुरू असताना ती वापरू नये. आकडे चुकीचे दिसू शकतात. जुन्या हंगामाच्या बंद दप्तराला ती चालेल.

आणि एवढे करूनही वजनपावती जपून ठेवाच. मोबाईलवरचा आकडा जुळला नाही, तर पावती घेऊन शेतकी ऑफिसात या.