गोठ्याचा स्टुडिओ करताय? आधी २४ तास विकून दाखवा!



येरवड्याच्या गावठाणात म्हणा, लोहगाव-वाघोलीकडे म्हणा, घरचा जुना गोठा मोकळा पडून असेल तर दोनच विचार सुचतात. पाडून भाड्याच्या खोल्या काढायच्या, नाहीतर बिल्डरशी बोलायचं. तिसरा विचार आजचा: त्याच गोठ्यात रेकॉर्डिंग स्टुडिओ.

हसू नका. वेल्समध्ये रॉकफिल्ड नावाचा स्टुडिओ आहे. १९६० च्या दशकात किंग्जली आणि चार्ल्स वॉर्ड या भावांनी घरच्या दुधाच्या शेतावरच्या इमारतींत तो सुरू केला. क्वीन बँडच्या 'बोहेमियन रॅप्सडी'चं रेकॉर्डिंग १९७५ मध्ये इथेच सुरू झालं. गायक फ्रेडी मर्क्युरी, आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला! कलाकार तिथे मुक्कामाला यायचे, कारण शहरात न मिळणारी शांतता तिथे होती. म्हणजे भावांनी नुसती मशीनं नाही, शांतता विकली.

आता आपल्या गोठ्याकडे या. दगड-मातीची जाड भिंत ही तुमची फुकटची कमाई. जड भिंत आवाज चांगला अडवते. पण पत्र्याचं छत, दाराची फट आणि झरोका सगळं घालवतात. जिथून हवा येते, तिथून आवाजही येतो. वर विमानं, बाजूला नगर रोड आणि जूनपासून पत्र्यावर पाऊस. त्यामुळे आधी छताखाली जड, फटी नसलेलं दुसरं छत आणि रबर पट्टीचं भरीव दार. अंड्याचे ट्रे लावून बाहेरचा आवाज थांबत नाही, पैसे वाया घालवू नका.

आतला आवाज घुमणं ही वेगळी भानगड. त्यासाठी कापडात गुंडाळलेले रॉकवुलचे जाड पॅनल लागतात, कोपऱ्यांत जास्त. खोली चौकोनी, १२ बाय १२ असेल तर लांबी-रुंदी दोन्हींत ४७ हर्ट्झच्या आसपासचा खर्ज घुमतो. १२ बाय १५ केलेली बरी. आणि भिंतीची ओल आधी काढा, दमट हवा माईकची शत्रू.

आता हिशोब. समजा, एकूण खर्च ४ लाख आणि दर तासाला ५००. वीज, दुरुस्ती, मदतनीस मिळून महिन्याला १२,०००. महिन्यात ६० तास भरले तर ३०,००० येतात, १८,००० उरतात, म्हणजे साधारण २२ महिन्यांत भांडवल सुटतं. पण फक्त २० तास भरले तर येतात १०,०००. खिशातून २,००० जातात! बरोबरीचा आकडा आहे २४ तास. तुमचे आकडे वेगळे असतील, पण गणित हेच.

गिऱ्हाईक कोण? भजनी मंडळं, कीर्तनकार, ऑनलाइन शिकवणारे शिक्षक, ऑडिओबुकसाठी वाचणारे. स्टोरीटेल २०१७ मध्ये भारतात आलं तेव्हापासून मराठी ऐकायची सवय वाढतेय.

म्हणून या आठवड्याचं काम. गोठ्यात दार लावून सकाळी, दुपारी, रात्री दहा-दहा मिनिटं मोबाईलवर नुसती शांतता रेकॉर्ड करा आणि हेडफोन लावून ऐका. मग दहा जणांना भेटा आणि थोडा ॲडव्हान्स घेऊन महिन्याचे २४ तास पक्के करा. 'छान आयडिया आहे' हे बुकिंग नाही. २४ तास भरले, तर गवंड्याला बोलवा. नाही भरले, तरी गोठा शाबूत आहे आणि ४ लाखही!