बंब आणि हवेचा हिशेब

थंड देशांत घर उबदार ठेवण्यासाठी कोळशाचा बॉयलर वापरत. मुंबई-नाशिक महामार्गावरील मानकोलीत घर तापवण्याची गरज कोणाला पडत नाही. तरीही बॉयलर येथील विद्यार्थ्यांना परका नाही. जवळच्या भिवंडीत यंत्रमागांच्या सुताला खळ देणारे सायझिंगचे कारखाने आहेत. खळ दिलेले सूत वाळवण्यासाठी लागणारी वाफ बॉयलरमध्ये तयार होते. घरातील त्याचा धाकटा भाऊ म्हणजे आंघोळीच्या पाण्याचा बंब. त्यात वाफेचा दाब नसतो, पण ज्वलनाचे नियम तेच. गॅस आणि विजेमुळे बंब मागे पडला असला, तरी हे नियम शिकवायला तो फार उपयोगी आहे.

बंबाची रचना साधी असते. मधोमध उभी नळी, तिच्याभोवती पाणी, नळीच्या तळाशी जाळी आणि जाळीखाली हवेसाठी मोकळी जागा. कोळसा वरून टाकायचा. तापलेली हवा हलकी होऊन नळीतून वर जाते आणि तिची जागा घ्यायला खालून थंड हवा आत शिरते. बंब नीट चालवणे म्हणजे मुख्यतः ही हवा बेताची ठेवणे.

हवा पुरेशी असेल तर कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि १ ग्रॅम कार्बनापासून सुमारे ७.८ किलोकॅलरी उष्णता मिळते. हवा अपुरी पडली तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि उष्णता मिळते केवळ २.२ किलोकॅलरी. म्हणजे कोळसा तेवढाच जळाला, पण दोन तृतीयांशांहून अधिक उष्णता वाया गेली. उलट हवा फार झाली, तर जादा हवा स्वतः तापून नळीतून निघून जाते आणि पाण्याला उष्णता कमी मिळते.

नळी कोळशाने गच्च भरली तरी तोटाच होतो. खालच्या थरात तयार झालेला कार्बन डायऑक्साइड वरच्या लालबुंद निखाऱ्यांतून जाताना त्याचा पुन्हा मोनॉक्साइड बनतो. निखाऱ्यांवर नाचणारी निळी ज्योत ही या वायूचीच. म्हणून कोळसा थोडा थोडा टाकावा, जाळीवरची राख झाडावी आणि नळीतली काजळी खरवडावी. काजळी उष्णतेची मंदवाहक असल्याने ती उष्णता पाण्यापर्यंत पोचू देत नाही.

हा प्रयोग शाळेच्या अंगणात करता येईल. बंबात २० लिटर पाणी घ्या, त्याचे तापमान मोजा आणि लाकडी कोळसा वजन करून टाका. समजा, २०० ग्रॅम कोळशाने पाणी २८ अंशांवरून ५८ अंशांवर गेले. पाण्याने घेतलेली उष्णता २० × ३० = ६०० किलोकॅलरी. लाकडी कोळशाची उष्णता ग्रॅममागे सुमारे ७ किलोकॅलरी धरली, तर २०० × ७ = १४०० किलोकॅलरी. कार्यक्षमता सुमारे ४३ टक्के. आता जाळीखालची वाट पत्र्याच्या तुकड्याने थोडी झाका, तेवढाच कोळसा आणि तेवढेच पाणी घेऊन पुन्हा मोजा. मग आणखी थोडी झाका. प्रत्येक वेळचे आकडे फळ्यावर मांडले की हवेचे योग्य प्रमाण कोणते, हे विद्यार्थीच सांगतील.

हा हिशेब केवळ कोळशाच्या बचतीचा नाही. १ किलो कार्बन पूर्ण जळायला सुमारे साडेअकरा किलो, म्हणजे जवळजवळ १० घनमीटर हवा लागते. दीड मीटर रुंद, दोन मीटर लांब आणि अडीच मीटर उंच न्हाणीघरात एकूण हवाच साडेसात घनमीटर असते. दार-खिडकी लावून तेथे बंब पेटवला, तर प्राणवायू झपाट्याने कमी होतो आणि मोनॉक्साइड वाढू लागतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट जोडला जातो. डोके दुखते, गरगरते, हातपाय गळतात आणि दारापर्यंत जाण्याचेही त्राण उरत नाही. धूर दिसत नाही म्हणून धोका नाही, असे समजू नये. निखारे धुराविनाच जळतात. बंद न्हाणीघरातील गॅस गीझरलाही हाच नियम लागू आहे.

म्हणून बंब उघड्यावर पेटवावा आणि पाणी बादलीने आत न्यावे. कोणाला असा त्रास झालाच, तर त्याला आधी मोकळ्या हवेत आणावे आणि लगेच दवाखान्यात न्यावे. वर्गात ज्वलनाचे समीकरण शिकवताना एवढे सांगायला विसरू नये.