नदीकाठी घर... चार चाकांवर!

शुक्रवार, संध्याकाळचे सात. एक्सेल शीट उघडीच आहे, 'पाचच मिनिटं' म्हणून केबिनमध्ये गेलेल्या बॉसला पाऊण तास झालाय आणि तेवढ्यात ग्रुपवर एक फोटो येऊन पडतो. नदीकाठी उभी पांढरीशुभ्र कॅराव्हॅन, छपराला दिव्यांची माळ, समोर फोल्डिंगच्या खुर्च्या, वाफाळता मग. खाली एकच शब्द : 'जायचं?' पाच जणांचे अंगठे वर. सहावे अर्थातच तुम्ही!

फोटो बहुधा न्यूझीलंडचा असतो. तिथली नदी बारा महिने फोटोतल्यासारखीच वाहते, त्यामुळे तिथं प्लॅनिंग म्हणजे गाडी बुक करायची आणि निघायचं. आपल्याकडे, त्यातून मराठवाड्यात, आधी प्लॅन करावा लागतो तो नदीचा. गाडीचं नंतर बघू.

आम्ही सहा जणांनी नदी निवडली ती फुलंब्रीची गिरिजा. 'फुलंब्री? तिथं काय आहे?' हा प्रश्न प्रत्येकानं विचारला. खरं सांगायचं तर 'काही नाही' हेच तिथलं अट्रॅक्शन आहे. ना रिसॉर्ट, ना डीजे, ना सेल्फी पॉइंट. छत्रपती संभाजीनगरपासून अजिंठ्याच्या रस्त्यानं साधारण तीस किलोमीटरवर हे तालुक्याचं गाव. गाणं ऐकणाऱ्यांना मास्टर कृष्णराव फुलंब्रीकरांच्या आडनावातून माहीत असलेलं. गावातून फुलमस्ता नावाची नदी जाते (काय नाव आहे!), आणि गिरिजा खुलताबादच्या बाजूच्या डोंगरांतून येऊन वडोद बाजारवरून पुढे पूर्णेला मिळायला जाते. दोन्ही बाजूंना मका, कपाशी, आलं. आणि पोचणं आता सोपं झालंय. समृद्धी महामार्ग जून २०२५मध्ये पूर्ण खुला झाला. मुंबईहून निघालात की सावंगीच्या इंटरचेंजला उतरायचं, तिथून फुलंब्री हाकेच्या अंतरावर. मात्र बुलेटवाल्यांनो, सॉरी! समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे. 'आम्ही मागून बाइकवर येतो' हा नेहमीचा फंडा इथं चालणार नाही.

आता नदीचं टाइमटेबल. जून ते ऑगस्ट विसरा. चिखल असतो, आणि नदीचा मूड कधी फिरेल सांगता येत नाही. सप्टेंबरमध्ये परतीचा पाऊस विजा घेऊन येतो. २०२५च्या सप्टेंबरनं मराठवाड्याची काय दैना केली ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय. पाऊस चांगला झालेल्या वर्षी दसऱ्यानंतर पाणी निवळतं आणि डिसेंबरपर्यंत नदी नदीसारखी दिसते. जानेवारीत डोह उरतात. मार्चनंतर पात्रात वाळू, गोटे आणि पोरांचं क्रिकेट. तेव्हा सुट्टीचा अर्ज टाकण्याआधी तिकडच्या कुणाला तरी फोन लावा आणि एकच विचारा, 'गिरिजेला पाणी आहे का?' नेटवरचा फोटो कोणत्या सालातला आहे ते कुणी लिहीत नाही.

आम्ही गेलो ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे जरा घाईच केली. दिवस मावळताना पोचलो. समोर रुंद, सपाट पात्र, बाजूनं घोटाभर पाण्याची धार, मागे निळे डोंगर. परफेक्ट! ड्रायव्हरनं गाडी उताराला घातलीसुद्धा. तेवढ्यात दुधाचे कॅन लावलेल्या मोटारसायकलवरून एक काका थांबले.

''हितं लावू नका गाडी.''

''का हो काका? रात्रीपुरतीच लावतोय.''

''रातच्यालाच तर येती ती. तिकडं बघा.''

तिकडं, म्हणजे खुलताबादच्या बाजूला, वीज चमकत होती. आमच्या डोक्यावर चांदणं होतं. आमच्यातल्या एकानं 'अहो, इथं तर ढगसुद्धा नाही' असं म्हणून पाहिलं. काका हसले आणि थांबून राहिले, आम्ही गाडी मागे घेईपर्यंत. मग त्यांनी वरच्या अंगाला, पात्रापासून चांगल्या दोनशे पावलांवर, स्वतःच्या शेताशेजारच्या माळावर जागा दाखवली. आम्ही मनातून हिरमुसलो होतो. तिथून नदी दिसत होती, पण फोटो काही तसा येणार नव्हता.

सकाळी उठून पाहिलं तर जिथं खुर्च्या मांडणार होतो तिथं मांडीइतकं गढूळ पाणी धावत होतं. रात्री आमच्याकडे एक थेंबही पडला नव्हता. चहा पिताना बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

तर जागा. पात्रात कधीच नाही, कितीही मोह झाला तरी. आणि दुसरी गोष्ट, जी कॅराव्हॅन भाड्यानं देणारे सांगत नाहीत : माती बघा. मराठवाड्यातली काळी माती सुकी असली तर दगडासारखी, ओली झाली की लोणी. आतमध्ये बेड, फ्रीज, बाथरूम, पाण्याची टाकी घेऊन उभी असलेली गाडी त्यात रुतली की ट्रॅक्टरच बोलवावा लागतो. मुरमाड माळ शोधा. शेतरस्त्यावर विजेच्या तारा आणि बाभळीच्या फांद्या खाली आलेल्या असतात, त्यामुळे गाडीची उंची ड्रायव्हरला आधीच विचारून ठेवा आणि अवघड जागी एकानं खाली उतरून पुढे चाला.

परवानगी हा विषय आपण शहरातली मंडळी फार हलका घेतो. नदीकाठची प्रत्येक मोकळी जागा कुणाची तरी असते. शेतकऱ्याला विचारा, जागेचे पैसे आधीच ठरवा आणि गावच्या पोलीसपाटलांना सांगून ठेवा. आम्ही हे तिसरं केलं नव्हतं. रात्री अकराला दोन तरुण टॉर्च मारत आले. ''वाळूवाले का?'' नदीकाठी रात्री अनोळखी मोठी गाडी म्हणजे वाळू उपसणारे, हा तिकडचा पहिला हिशेब आणि तो चुकीचाही नाही. आतला फ्रीज आणि गाद्या दाखवल्यावर दोघं पोट धरून हसले. ''येवढी मोठी गाडी झोपायला आणली?'' मग त्यांना कॉफी पाजली.

पाण्याचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. दुसऱ्या दिवशी दुपारी आमची टाकी संपली. सहा जण, दोन आंघोळी, संपली! काकांच्या विहिरीवरून भरून घेतली. मावशींनी स्वतः मोटर चालू केली आणि पाइप धरता धरता सहज म्हणाल्या, ''आता हाय म्हणून देते. चैतात आले असते तर हंडाभर दिलं असतं. आंघोळ काय तुमच्या गाडीत झाली नसती.'' पाऊस हुकलेल्या वर्षी फुलंब्री तालुक्यातल्या गावांना टँकरची वाट बघावी लागते. तिथं शॉवर सोडून गाणी म्हणत बसणं बरं दिसत नाही. शक्यतो टाकी शहरातूनच भरून न्या, पिण्याचे जार वेगळे. आणि साबणाचं पाणी नदीकडे सोडू नका, खालच्या अंगाला गुरं तेच पितात. टॉयलेटची टाकी कुठे रिकामी करणार, हे तर गाडी बुक करतानाच विचारायचं. 'कुठेही करा हो' असं उत्तर आलं तर दुसरी गाडी बघा.

खर्चाचं म्हणाल तर दिवसाचं भाडं आणि वर किलोमीटरचे पैसे अशी पद्धत असते. ड्रायव्हरचा भत्ता आणि टोल वेगळा. मुंबईहून जाऊन-येऊन सातशेच्या वर, पुण्याहून पाचशेच्या वर किलोमीटर होतात, तेव्हा हिशेब आधी करा. राज्य सरकारनं २०२०मध्ये कृषी पर्यटनाचं आणि २०२१मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. पण गिरिजेच्या काठी आम्हाला कुठं कॅराव्हॅन पार्कची पाटी दिसली नाही. प्लगपॉइंटच्या भरवशावर जाऊ नका. एसी रात्रभर चालणार नाही, आणि ऑक्टोबरनंतर तो लागतही नाही.

जेवण? गाडीतल्या किचनमध्ये पास्ता करायचा बेत होता. मावशींनी ज्वारीच्या भाकरी, पिठलं आणि ठेचा पाठवला आणि पास्त्याचं पाकीट तसंच परत आलं. जेवणाचे पैसे त्यांनी काही केल्या घेतले नाहीत. जागेचे घेतले, तेही काकांनी, तिकडे बघत.

वीकेण्डला जोडून अजिंठा करायचा असेल तर सोमवार टाळा, लेणी बंद असतात. शिवाय तुमची कॅराव्हॅन फर्दापूरच्या टी-पॉइंटलाच उभी राहणार, पुढे एसटीची बस. वेरूळला सुट्टी मंगळवारी.

आम्ही पुन्हा जाणार आहोत, पण कॅराव्हॅन न घेता. निघताना काका म्हणाले, ''पुसात या, हुरड्याला.'' शेतात खड्डा करून गोवऱ्यांची आगटी, त्यात भाजलेली ज्वारीची कोवळी कणसं, हातावर चोळून काढलेले गरम दाणे, सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि दही. झोपायला? ''घर हाय की,'' म्हणाले, ''चाकं नाहीत त्याला, येवढंच.''