बल्ब थंड ठेवायची आयडिया आहे? मग आधी गिऱ्हाईकाच्या गोठ्यात जाऊन या

घोडेगाव : एलईडी बल्बच्या खोक्यावर 25,000 तास लिहिलेलं असतं. रोज दहा तास लावला तर हा हिशेब पावणेसात वर्षांच्या वर जातो. प्रत्यक्षात गोठ्यातला किंवा पोल्ट्रीतला बल्ब वर्षाच्या आत उडाला, अशी तक्रार गावोगाव ऐकू येते. अशा वेळी आयटीआय किंवा डिप्लोमा झालेल्या एखाद्या पोराच्या डोक्यात येतं, ‘बल्ब तापतो म्हणून जातो. नीट थंड ठेवणारा बल्ब आपणच बनवला तर?’

आयडिया चुकीची नाही. पण साचा, सुटे भाग आणि कर्ज यांत पैसा घालण्याआधी ती गिऱ्हाईकाकडे तपासून घ्यावी लागते. ही तपासणी कशी करायची, ते समजून घेऊ.

बल्ब तापतो कुठे?

जुना पिवळा बल्ब हाताला चटका द्यायचा, पण त्याची बरीचशी उष्णता किरणांवाटे बाहेर पडायची. एलईडीचं तसं नाही. 9 वॅटच्या एलईडीत निम्म्याहून जास्त वीज उष्णताच होते आणि ती चिपच्या मागच्या बाजूला साचते. तिथून ती ॲल्युमिनिअमच्या पत्र्यात, पत्र्यातून बल्बच्या अंगात आणि अंगातून हवेत गेली पाहिजे. या वाटेला ‘हीट सिंक’ म्हणतात. साध्या प्लॅस्टिकपेक्षा ॲल्युमिनिअम शेकडो पटींनी जास्त उष्णता वाहून नेतं. म्हणून अंगात धातू किती आहे, यावर बरंच अवलंबून असतं.

चिपइतकाच नाजूक भाग म्हणजे बल्बच्या बुडातला ‘ड्रायव्हर’, म्हणजे वीज बदलून देणारं सर्किट. त्यातल्या कपॅसिटरचं आयुष्य तापमान 10 अंशांनी वाढलं की साधारण निम्मं होतं. बंद काचेच्या हंडीत, पत्र्याच्या छताला चिकटून किंवा धुळीचा थर बसलेला बल्ब म्हणूनच लवकर जातो. खोक्यावरचे तास तर सहसा चिपचा प्रकाश 70 टक्क्यांवर येईपर्यंतचे धरलेले असतात. ड्रायव्हर त्याआधीच गेला, तर त्या आकड्याचा उपयोग नाही.

‘घ्याल का?’ हा प्रश्न विचारूच नका

पोरगं आपल्या गावचं, म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? ‘घेऊ की, बनव तू!’ असं सगळेच म्हणतात. हे प्रोत्साहन झालं, ऑर्डर नव्हे. विचारायचं ते घडून गेलेल्या गोष्टींबद्दल :

• मागच्या वर्षी किती बल्ब गेले? कुठले, घरातले की गोठ्यातले?
• शेवटचा बल्ब कितीला आणला? वॉरंटीत बदलून मिळाला का, की फेकून दिला?
• बदलायला कोण चढलं? शिडी, माणूस, मजुरी किती लागली?
• बल्ब गेला त्या रात्री काय अडलं?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. घरातला बल्ब गेला तर माणूस दुकानातून दुसरा आणतो, विषय संपला. अंडी देणाऱ्या कोंबड्यांना दिवसाला साधारण 16 तास उजेड लागतो, तिथे ओळीतले चार बल्ब गेले तर उत्पादनावर परिणाम होतो. शेवंतीला रात्री उजेड देऊन फुलं पुढे ढकलणाऱ्यालाही अंधार परवडत नाही. जुन्नर-आंबेगावात बिबट्याची भीती रोजची. रात्रपाळीच्या विजेवर पाणी द्यायला निघालेल्या माणसाला किंवा गोठ्यातल्या वासराला उजेड गेला की काय वाटतं, ते इथे वेगळं सांगायला नको. ग्रामपंचायतीला खांबावर माणूस चढवावा लागतो.

म्हणजे ज्याला बल्ब बदलणं महाग पडतं, तोच या आयडियाचा पहिला गिऱ्हाईक. सगळं गाव नव्हे.

या गप्पांत आपली युक्ती दाखवायची गरज नसते. पेटंट घ्यायचा विचार असेल तर ती उघड करण्याआधी प्राथमिक अर्ज भरावा. त्यानंतर पूर्ण अर्जासाठी 12 महिने मिळतात.

गेलेले बल्ब गोळा करा

बोलण्यापेक्षा मेलेला बल्ब जास्त सांगतो. दुकानदार, वायरमन, पोल्ट्रीवाले यांच्याकडून पन्नासेक गेलेले बल्ब जमवावेत आणि जाणकाराकडून उघडून घ्यावेत. एखाद्या चिपवर काळा ठिपका, पिवळा पडलेला पत्रा, फुगलेला कपॅसिटर असेल तर उष्णतेचा संशय घ्यायला जागा आहे. ड्रायव्हरचा भाग फुटलेला, जळालेला असेल तर व्होल्टेजचा झटका असू शकतो. आत गंज किंवा किडे असतील तर ओल आणि फटी.

इथेच आयडियाची खरी परीक्षा होते. बहुतेक बल्ब व्होल्टेजमुळे जात असतील, तर कितीही थंड बल्ब बनवला तरी गिऱ्हाईकाचं दुखणं तसंच राहणार. मग बनवायचं ते झटका सोसणारं सर्किट. हे पन्नास बल्बांत कळलं तर नुकसान थोडक्यात भागतं.

जोडीनं लावून बघा

पुढची पायरी म्हणजे चाचणी. दहा ठिकाणं निवडावीत. काही डिंभे-आहुपेकडच्या पावसाळी पट्ट्यातली, काही मंचरकडच्या कोरड्या भागातली. प्रत्येक ठिकाणी एक बाजारातला आणि एक आपला, एकाच वॅटचे, एकाच उंचीवर, शेजारी शेजारी. दोन्हींवर मार्करने तारीख टाकायची. उन्हाळ्याआधी सुरुवात केली तर कडक ऊन आणि पाऊस दोन्ही हाती लागतात.

तासभर चालल्यावर दोन्हींच्या अंगाचं तापमान मोजावं, आणि तेव्हा वीज बंद असावी. महिन्यातून एकदा अंधार पडल्यावर, एकच मोबाइल त्याच जागी ठेवून, प्रकाश मोजणाऱ्या ॲपवर एकेका बल्बचा आकडा लिहावा. ॲप अचूक नसतं, पण फरक दाखवायला पुरतं. दोन्ही बल्ब एकाच रात्री गेले तर बोट व्होल्टेजकडे जातं. साधा गेला आणि नवा चालू राहिला, आणि असं अनेक ठिकाणी झालं, तरच थंडाव्याला श्रेय द्यावं.

जिवाशी खेळ नको

थंड ठेवण्यासाठी धातूचं अंग वाढवलं की दुसरा धोका येतो. स्वस्त ड्रायव्हर 230 व्होल्टपासून वेगळा केलेला नसतो. आतलं इन्सुलेशन फाटलं तर धातूत करंट उतरतो. ओल्या गोठ्यात हे माणसाच्या आणि जनावराच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून चाचणीतही वीजवेगळा केलेला प्रमाणित ड्रायव्हर वापरावा, जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी आणि मालकाला सगळं सांगून परवानगी घ्यावी. विक्रीसाठी तर एलईडी बल्बना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी बंधनकारक आहे. त्यासाठीचं मानक आयएस 16102.

पैशाचा प्रश्न शेवटी येतोच

उदाहरण धरू. 80 रुपयांचा बल्ब आठ महिने चालला तर महिन्याला 10 रुपये पडले. 180 रुपयांचा तीन वर्षं चालला तर 5 रुपये. कागदावर दुसरा स्वस्त, पण आज खिशातून 180 जातात. ‘तीन वर्षं’ यावर नव्या माणसावर विश्वास कोण ठेवणार?

उजाला योजना 2015 मध्ये सुरू झाली. त्यातल्या बल्बची सरकारी खरेदी किंमत 2014 मध्ये 310 रुपये होती, ती 2016 पर्यंत 38 रुपयांवर आली. लोकांच्या मनातला भाव तिथून ठरला आहे. किमतीच्या शर्यतीत छोटा उद्योजक टिकणार नाही, जवळच्या सेवेत टिकू शकतो. आयआयटी मुंबईच्या सौर अभ्यासदिव्यांच्या ‘सोल’ उपक्रमात दिवे गावपातळीवर जोडले आणि दुरुस्तही केले गेले. बिघडलेला दिवा घेऊन शहर गाठावं लागू नये, ही त्यामागची समज होती.

म्हणून चाचणीनंतर एकच विचारावं : ‘पुढच्या दहा बल्बांसाठी निम्मे पैसे आगाऊ देता का?’ दहातल्या चार-पाच पोल्ट्रीवाल्यांनी पैसे काढून दिले तर धंद्याला पाया आहे. सगळ्यांनी पाठ थोपटली आणि खिशात हात कुणीच घातला नाही, तर तेही उत्तरच आहे. कर्ज काढायच्या आधी मिळालेलं ‘नाही’ घरादाराला वाचवतं.