दुबराजला लागलेले किरण

रायपूरच्या आमच्या मराठी घरांत सणाचा भात दुबराजचा. तो रटरटू लागला की वास अंगणापर्यंत येतो, आणि शेजारची मुलं विचारतात, आज काय आहे म्हणून. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात एका काकूंनी मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "अहो, तो नवा दुबराज ॲटमचे किरण मारून काढलाय म्हणे. नातवाला घालायचा का?"

घालायचा. पण काकूंची शंका झटकून टाकण्यासारखी नाही. तिचं पूर्ण उत्तर द्यायला हवं.

जुना दुबराज वासाला अप्रतिम, शेतकऱ्याला मात्र अवघड. ताटं उंच वाढतात, लोंब्या भरल्या की एका वाऱ्यात सगळं पीक लोळतं, आणि हाती यायला उशीर लागतो. म्हणून लोक तो पेरेनासे झाले. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाकडे धानाच्या हजारो जुन्या वाणांचा संग्रह आहे. त्याची पायाभरणी डॉ. आर. एच. रिछारिया यांनी गावोगावचे वाण गोळा करून केली. त्यातल्या काही वाणांचं बियाणं तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात गॅमा किरणांखाली ठेवलं गेलं. त्यातून 'ट्रॉम्बे छत्तीसगढ दुबराज म्युटंट-१' निघाला: ठेंगणा, लवकर येणारा आणि वास राखणारा. सफरी-१७ या जुन्या धानापासून 'विक्रम-टीसीआर' निघाला तोही असाच.

आता पहिला गैरसमज: किरण लागलेली वस्तू स्वतः किरण फेकू लागते. तसं होत नाही. धानाच्या बियाण्याला किरणांची साधारण ३०० ग्रे इतकी मात्रा देतात. माणसाच्या सर्वांगाला एकदम चार-पाच ग्रे लागले तर उपचाराविना निम्मी माणसं दगावतात, म्हणजे ही मात्रा लहान नाही. तरीही त्या दाण्यात मागे काहीच उरत नाही. त्यासाठी वापरतात त्या किरणोत्सर्गी कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांची ऊर्जा १.१७ आणि १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट असते. तेवढ्यात पेशीतला डीएनए तुटतो, पण दाण्यातल्या अणूंची केंद्रकं बदलत नाहीत, आणि केंद्रक बदलल्याशिवाय पदार्थ किरणोत्सर्गी होत नाही. उन्हात वाळवलेला पापड रात्री उजेड देत नाही, तसंच हे.

शिवाय काकूंच्या पातेल्यातल्या दाण्यानं ते किरण पाहिलेलेच नाहीत. किरण लागले ते बियाण्याच्या पहिल्या मूठभर दाण्यांना. ते पेरले, पुढच्या पिढीत हजारो रोपांतून एखादं ठेंगणं, सरळ उभं रोप नजरेनं हेरलं, त्याचं बी पुन्हा पेरलं, आणि हे कित्येक पिढ्या चाललं. आपण खातो ते त्याच्या पणतवंडांची पणतवंडं. बाहेरचं जनुक आणून घातलेलं नाही, त्यामुळे याला जीएम म्हणणंही चूक. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला टीएजी-२४ भुईमूग ठाऊक असतो. ट्रॉम्बे-अकोला ग्राउंडनट हे त्याचं पूर्ण नाव, आणि त्याचंही कूळ किरणांनी बदललेल्या वाणांतलंच. लासलगावला तर २००२ पासून खाण्याच्या कांद्यालाच थोडे गॅमा किरण देतात, म्हणजे त्याला कोंब फुटत नाहीत. अमेरिकेत जाणाऱ्या हापूसलाही २००७ पासून हीच वाट आहे.

'किरण' म्हटलं की ते माणसानंच बनवलेले, हीही समजूत पक्की आहे. वास्तविक आपल्या शरीरातल्या पोटॅशियममुळेच दर सेकंदाला चार-पाच हजार अणू फुटत असतात. जमीन, हवा, आकाश आणि अन्न मिळून जगातल्या माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट इतके किरण मिळतात. छातीचा एक एक्स-रे याच्या विसाव्या भागाहूनही कमी. पोटाचा सीटी स्कॅन मात्र आठ-दहा मिलिसिव्हर्टपर्यंत जातो. डॉक्टरांना गरज वाटली तर तो जरूर करावा, पण 'एकदा सगळं बघून टाकू' म्हणून आपणहून मागू नये.

मोबाइल टॉवरच्या लहरी वेगळ्या जातीच्या. त्यांची ऊर्जा दिव्याच्या उजेडापेक्षाही कितीतरी कमी असते. त्या डीएनए तोडू शकत नाहीत. भारतानं टॉवरची मर्यादा २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश ठरवली.

मला सर्वांत जास्त सलतो तो घरातला गैरसमज. कॅन्सरवर किरणांचा शेक घेऊन आलेल्या बाईची ताट-वाटी वेगळी ठेवलेली मी पाहिली आहे, आणि नातीला तिच्या मांडीवर बसू न दिलेलंही. बाहेरून यंत्रानं शेक दिला की यंत्र थांबताच किरण संपतात; रोग्याच्या अंगात काही राहत नाही. तिला जवळ घ्या, तिच्या ताटात जेवा. थायरॉइडसाठी किरणोत्सर्गी आयोडीन पोटात दिलं असेल तर मात्र गोष्ट वेगळी. तिथे द्रव्यच अंगात असतं, दर आठ दिवसांनी ते निम्मं होतं, आणि डॉक्टर सांगतील तोवर लहान मुलं व गरोदर बाया यांपासून लांब राहण्याचा सल्ला पाळायचाच.

म्हणजे किरण लागणं एक आणि किरण फेकणारं द्रव्य जवळ असणं दुसरं. रायपूरनं भीती बाळगावी ती या दुसऱ्याची, कारण इथल्या उरला आणि सिलतरा या भागांतल्या कारखान्यांत भंगार वितळतं, आणि भंगारातून काय येऊ शकतं ते दिल्लीत दिसलं. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागानं वर्षानुवर्षं पडून असलेलं गॅमा यंत्र २०१० मध्ये लिलावात विकलं, आणि तिथल्याच मायापुरी भागातल्या भंगारवाल्यांनी ते फोडलं. आतला कोबाल्ट साध्या लोखंडासारखा दिसला. तो तापत नव्हता, त्याला वास नव्हता. एकानं त्याचा तुकडा पाकिटात घालून मागच्या खिशात ठेवला. अनेकांना इजा झाली, एक जण मेला. असा तुकडा भट्टीत गेला तर तो साऱ्या पोलादात मिसळतो आणि मग निवडून काढता येत नाही: २००८ मध्ये फ्रान्समधल्या लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० सापडला, ते पोलाद भारतातून गेलेलं होतं.

असं द्रव्य ठेवलेल्या पेटीवर पिवळ्या पाटीत तीन पात्यांची खूण असते. भंगारात येईतो ती पुसली गेलेली असू शकते. मग ओळख उरते ती वजनाची, कारण आतून शिशाचं जाड अस्तर असल्यानं पेटी आकाराच्या मानानं फार जड लागते. अशी पेटी फोडू नये, घरी नेऊ नये; लोकांना तिच्यापासून लांब करावं आणि पोलिसांना बोलवावं.