बाजाराची धडधड मोजणारा आकडा
‘उद्या बाजार वर की खाली?’ असं कुणी विचारलं की मी आधी इंडिया व्हीआयएक्स बघतो. निफ्टीच्या ऑप्शन्सच्या भावांवरून एनएसई तो काढते. पुढच्या 30 दिवसांत बाजार किती हलेल याचा हा अंदाज, पण वार्षिक टक्क्यांत. म्हणून 15 दिसला तर 12 च्या वर्गमुळाने, म्हणजे साधारण 3.46 ने भागा: महिन्याभरात 4.3 टक्के, इकडे किंवा तिकडे. दिशा मात्र तो सांगत नाही, हे लोक हमखास विसरतात!

बाजार किती हलू शकतो आणि दिशा किती फसवी, याचं उदाहरण: 4 जून 2024, लोकसभेचा निकाल. आदल्या दिवशी एक्झिट पोलच्या आनंदात अडीच हजार अंक उडालेला सेन्सेक्स जवळपास 4,390 अंकांनी आपटला. 7 जूनला बंद झाला 76,693 वर, पडझडीआधीच्या पातळीच्याही वर. घाबरून विकलेले हात चोळत बसले.