उघडे काँक्रीट आणि पाणी झिडकारणारे लेप

चंदीगडच्या कॅपिटल कॉम्प्लेक्समधील उच्च न्यायालय, सचिवालय आणि विधानसभा या ल कॉर्ब्युझिएच्या इमारतींचा बराचसा भाग गिलाव्याविना उभा आहे. साच्यातून निघालेले उघडे काँक्रीट हेच त्यांचे रूप. २०१६ मध्ये हा वास्तुसमूह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. अशा भिंतीवर डांबर फासता येत नाही, जाड रंगही चढवता येत नाही. लेप डोळ्यांना दिसू नये, त्याने भिंतीची छटा बदलू नये आणि तरीही तो अनेक पावसाळे टिकावा, ही अट अवघड आहे. पण या वास्तूंसाठी ती रास्तच आहे.

काँक्रीट वरून घट्ट दिसले तरी त्यात सूक्ष्म नलिकांचे जाळे असते आणि केशाकर्षणाने पाणी त्यात खेचले जाते. ताज्या काँक्रीटचा सामू १२ ते १३ असतो. या क्षारतेमुळे आतल्या सळईवर संरक्षक थर टिकून राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत झिरपून ही क्षारता घटवतो. मग ओल आणि प्राणवायू मिळताच सळई गंजते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा बरीच जास्त जागा लागते, त्या दाबाने काँक्रीटला भेगा पडतात आणि पोपडे सुटतात. लेप फक्त पाणी अडवतो, कार्बन डायऑक्साइड नव्हे. म्हणून जिथे गंज धरला आहे तिथे आधी दुरुस्ती, मग लेप.

पाण्याचा थेंब पृष्ठभागाशी ९० अंशांपेक्षा मोठा कोन करत असेल, तर तो पृष्ठभाग पाणी झिडकारतो असे मानतात. अळूच्या किंवा कमळाच्या पानावर हा कोन १५० अंशांच्याही पुढे जातो, कारण तिथे मेणासोबत सूक्ष्म खडबडीतपणा असतो. बार्थलॉट आणि नाइनहाउस यांनी १९९७ मध्ये कमळाच्या पानाची ही स्वच्छ राहण्याची करामत उलगडून दाखवली. तिची नक्कल प्रयोगशाळेत होते. भिंतीवर मात्र ती फार तग धरत नाही. नाजूक उंचवटे घासले गेले की गुण संपतो. पान नवे फुटते, लेप फुटत नाही.

टिकाऊपणासाठी लेपाने पृष्ठभागाशी रासायनिक बंध जोडावा लागतो. काँक्रीटसाठी सिलेन हे सिलिकॉनचे संयुग वापरतात ते याच कारणाने. त्याचे रेणू लहान असल्याने ते काही मिलिमीटर आत शिरतात. रेणूचे एक टोक ओलाव्याशी अभिक्रिया करून छिद्राच्या भिंतीतल्या सिलिकेटला धरते, तर दुसऱ्या टोकाची हायड्रोकार्बन साखळी पाण्याला जवळ येऊ देत नाही. छिद्रे बुजत नाहीत, त्यामुळे आतली वाफ बाहेर पडू शकते. ऊन वरचा थर खराब करते, पण खोलवरचे रेणू त्याच्या आवाक्याबाहेर राहतात. विटा आणि सच्छिद्र दगडांसाठी मोठ्या रेणूंचे सिलॉक्सेनही चालते. भिंत स्वच्छ आणि कोरडी हवी, आणि आधी आडबाजूच्या तुकड्यावर चाचणी घ्यायला हवी.

मात्र साचलेल्या पाण्याचा दाब हे लेप पेलत नाहीत. वास्तुकार प्येर जानेरे यांनी रचलेले चंदीगडच्याच पंजाब विद्यापीठातले गांधी भवन पाण्याच्या कुंडात उभे आहे; अशा ठिकाणी पाण्याखालच्या भागाला आणि सपाट गच्चीला वेगळे वॉटरप्रूफिंगच लागते.

इतर पृष्ठभागांवर हिशेब बदलतो. काचेवर सिलेनचा जेमतेम एका रेणूइतका थर बसतो आणि वायपरच्या घासण्याने झिजतो. लाकूड ऋतूनुसार फुगते-आकसते, म्हणून कडक पापुद्रा तडकतो आणि जवसाच्या तेलासारखा मुरणारा लेप बरा पडतो. कापडासाठी फ्लोरिनयुक्त रसायने प्रभावी ठरली, पण त्यांतली काही निसर्गात विघटित होत नाहीत. त्यांपैकीच पीएफओए या रसायनाचा समावेश २०१९ मध्ये अशा चिवट प्रदूषकांवर बंधने घालणाऱ्या स्टॉकहोम कराराच्या यादीत झाला आणि फ्लोरिनविरहित पर्यायांची गरज अधिक तीव्र झाली.

काँक्रीटवर थेंबांचे मणी दिसेनासे झाले म्हणजे लेप संपला, असे नव्हे. आतला थर पुष्कळदा शाबूत असतो. खात्रीसाठी मापाच्या खुणा असलेली काचेची नळी भिंतीला चिकटवून तीत पाणी भरतात आणि ठरावीक वेळात किती शोषले गेले ते मोजतात. हे शोषण पुन्हा वाढू लागले, की लेपाची पुढची फेरी द्यायची.